सरहद्दीपलीकडचा हात : प्रत्यार्पणाचा अर्थ आणि आपला इतिहास

आज आपण शुक्रवार पेठेत जमलो आहोत. इथून तुळजापूर वेस फार लांब नाही. या वेशीच्या नावातच आजच्या विषयाची सुरुवात आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत सोलापूर आणि तुळजापूर ही दोन वेगळ्या राज्यांतली गावं होती. सोलापूर आधी ब्रिटिश आणि मग स्वतंत्र भारताच्या मुलखात, तुळजापूर निजामाच्या. देवीच्या दर्शनाला निघालेला सोलापूरकर वाटेत सरहद्द ओलांडत असे. भक्ताला त्याचं काही वाटत नसे. पण सोलापुरात गुन्हा करून कुणी त्याच वाटेने पळाला, तर इथल्या फौजदाराला पलीकडे जाऊन त्याची मानगूट धरता येत नसे. निदान कायद्याने तरी नाही. त्यासाठी पलीकडच्या सरकारकडे मागणी करावी लागे आणि त्याने तो माणूस ताब्यात द्यावा लागे. ब्रिटिश सरकार आणि निजाम यांच्यात यासाठी १८६७ चा करार होता.

या मागण्याला आणि देण्याला आपण प्रत्यार्पण म्हणतो. बातम्यांमध्ये आपण म्हणतो, 'अमक्याला फरफटत आणलं पाहिजे.' बरं, फरफटत आणणं आणि प्रत्यार्पण या अगदी उलट गोष्टी आहेत. प्रत्यार्पण सुरू होतं तेच मुळी 'आमचा हात सरहद्दीपलीकडे पोहोचत नाही' हे मान्य करण्यापासून. म्हणून आपण विनंती करतो. समोरचं राज्य काही प्रश्न विचारतं. हा तुमच्या आणि आमच्या, दोन्हीकडच्या कायद्याने गुन्हा आहे का? हा राजकीय स्वरूपाचा गुन्हा तर नाही? ज्या आरोपासाठी नेताय, त्याच आरोपावर खटला चालवणार ना? या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर माणूस ताब्यात दिला जातो. नसतील, तर नाही.

या नियमाची किंमत किती, हे निजामाच्या मुलखातल्या एका रेल्वे स्टेशनावर ठरलं. आपल्या सोलापूरवरून मद्रासकडे जाणारी गाडी पुढे गुलबर्ग्याला, म्हणजे निजामाच्या राज्यात शिरते. वाडी जंक्शनवरून हैदराबादचा फाटा फुटतो. या निजामाच्या रेल्वेवर शंकरपल्ली नावाचं स्टेशन आहे. रेल्वेच्या जागेवरचे दिवाणी-फौजदारी अधिकार निजामाने ब्रिटिशांना दिले होते. १८९५ मध्ये मुहम्मद युसुफुद्दीन नावाच्या निजामाच्या प्रजाजनाला या स्टेशनावर अटक झाली. वॉरंट होतं शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचं. आरोप लाचेचा, आणि त्याचा रेल्वेशी काही संबंध नव्हता.

हे प्रकरण थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. १८९७ मध्ये निकाल लागला : अटक बेकायदा. कारण काय, तर निजामाने जे अधिकार दिले ते रेल्वेच्या कारभारापुरते. तेवढ्यावरून शिमल्याचं वॉरंट घेऊन निजामाच्या जमिनीवर कुणालाही धरता येणार नाही. साम्राज्य तेव्हा ऐन भरात होतं आणि निजाम त्याच्या मर्जीत राहणारा संस्थानिक. तरीही साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने आपल्या पोलिसांना सांगितलं, दिलं आहे तेवढंच घ्या.

आता यानंतर तेराच वर्षांनी काय झालं ते बघू.

१३ मार्च १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर पॅरिसहून लंडनला परतले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. सावरकरांच्या विचारांबद्दल इथे बसलेल्यांची मतं वेगवेगळी असणार, आणि असावीत. आज आपण फक्त कायद्याचा धागा धरतो आहोत. ते पॅरिसमध्येच राहिले असते, तर ब्रिटिशांना १८७६ च्या ब्रिटन-फ्रान्स करारानुसार त्यांची मागणी करावी लागली असती, आणि राजकीय गुन्ह्यासाठी माणूस द्यायचा नाही ही त्या व्यवस्थेतली मोठी अट होती. लंडनमध्ये ही अट उपयोगाची नव्हती. लंडनहून मुंबईला पाठवणं म्हणजे साम्राज्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं. त्याला १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा वेगळा कायदा होता आणि त्यात राजकीय गुन्ह्याचा अपवाद नव्हता. म्हणजे एकाच माणसावरच्या एकाच आरोपाला इंग्लिश खाडीच्या एका काठावर संरक्षण होतं, दुसऱ्या काठावर नव्हतं.

'मोरिया' बोट त्यांना घेऊन १ जुलैला निघाली. ८ जुलैच्या सकाळी मार्सेलिसच्या बंदरात सावरकर शौचकूपाच्या खिडकीतून बाहेर पडले आणि पोहत धक्क्यावर पोचले. ही उडी मराठी माणसाला पाठ आहे. पण उडीचा कायदेशीर अर्थ आपण क्वचित बोलतो. धक्क्यावर पाय लागला तेव्हा ते फ्रान्सच्या भूमीवर होते. ब्रिटिशांच्या ताब्यातला कैदी आता परक्या राज्यातला माणूस झाला होता. त्याला परत मिळवायचा कायदेशीर मार्ग एकच : फ्रान्सकडे प्रत्यार्पणाची मागणी. घडलं असं, की पेस्किए नावाच्या फ्रेंच शिपायाने त्यांना थोड्या अंतरावर पकडलं आणि बोटीवर नेऊन दिलं. मागणी नाही, सुनावणी नाही. सगळा कारभार काही मिनिटांत आटोपला. दुसऱ्या दिवशी बोट निघाली.

फ्रान्समध्ये आरडाओरडा झाला आणि फ्रेंच सरकारने माणूस परत मागितला. दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या लवादाकडे न्यायचं ठरवलं. बेल्जियम, फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे आणि नेदरलँड्स अशा पाच देशांचे पाच सदस्य. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला. लवादाने मान्य केलं की जे झालं ते रीतसर नव्हतं. पण ब्रिटिशांनी ना फसवणूक केली, ना जबरदस्ती. चूक फ्रान्सच्याच माणसाची. आणि परक्या राज्याच्या शिपायाच्या चुकीने कैदी हाती आला, तर तो परत करायला लावणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही.

तोवर मुंबईच्या विशेष न्यायालयाने सावरकरांना दोनदा जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावलीही होती. मार्सेलिसचा मुद्दा तिथेही निघाला होता. न्यायालयाचं म्हणणं असं की आरोपी समोर उभा आहे, तो इथवर कसा आला याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

आता शंकरपल्ली आणि मार्सेलिस शेजारी ठेवून पाहा. पहिल्या प्रकरणात तक्रार घेऊन स्वतः आरोपी न्यायालयात गेला आणि त्याच्या अटकेचाच निवाडा झाला. दुसऱ्यात भांडण होतं ब्रिटन आणि फ्रान्सचं. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, तो माणूस त्या वादात पक्षकारच नव्हता. आश्रय देण्याचा हक्क फ्रान्सचा. फ्रान्सच्या शिपायाने तो चुकून गमावला, की संपलं. आश्रय मागणाऱ्याचा स्वतःचा काही हक्क आहे का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्या निवाड्यावर पुढे कायदेपंडितांनी पुष्कळ टीका केली, ती उगाच नाही.

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये आपला प्रत्यार्पण कायदा केला, त्यात हे धडे दिसतात. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी माणूस देणार नाही, हे कायद्यातच आहे. परदेशातून आणलेल्या माणसावर, ज्या गुन्ह्यासाठी आणला त्यापलीकडचा खटला सहसा चालवता येत नाही, हेही आहे. आणि मुख्य म्हणजे, हे मुद्दे आरोपीला स्वतः न्यायालयात मांडता येतात.

या कायद्याची खरी परीक्षा मुंबईच्याच प्रकरणात झाली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. म्हणून भारत सरकारने, तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या सहीने, हमी दिली : फाशी देणार नाही, २५ वर्षांहून जास्त कैदेत ठेवणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला भारतात आणलं. पुढे ठरल्यापेक्षा जास्त आरोप लावले म्हणून पोर्तुगालच्या न्यायालयांनी आक्षेप घेतला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने काही आरोप मागे घ्यावे लागले. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, आणि ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २५ वर्षं पूर्ण झाल्यावर, दिलेल्या हमीप्रमाणे, त्याच्या सुटकेची कारवाई करणं सरकारवर बंधनकारक आहे.

हे ऐकून मनात चलबिचल होते ना? आमच्याही होते. त्या शुक्रवारी मुंबईत अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना आपण कोणत्या तोंडाने सांगायचं, की सरकारने शब्द दिलाय म्हणून याला एक दिवस सोडावं लागेल? याला सोपं उत्तर नाही, आणि कायदा ते दुःख भरून काढत नाही.

पण दुसरी बाजू बघा. तो शब्द दिला नसता तर लिस्बनहून माणूस आलाच नसता आणि मुंबईच्या न्यायालयात हा खटला उभा राहिला नसता. दिलेला शब्द आज मोडला तर उद्या आपण दुसऱ्या आरोपीसाठी दुसऱ्या देशाच्या दारात जाऊ, तेव्हा तिथलं न्यायालय विचारेल, मागच्या वेळी काय केलंत? प्रत्यार्पण उधारीवर चालतं, आणि उधारीत पत राखावी लागते, हे बाजारपेठेच्या सोलापूरला वेगळं सांगायला नको.

शिवाय एक गोष्ट आपण विसरू नये. १९१० मध्ये नियमाची गरज असलेला माणूस आपला होता आणि नियम मोडून त्याला ताब्यात घेणारं सरकार परकं. तेव्हा आपण म्हणालो, हा अन्याय आहे. नियम आपल्या आवडत्या माणसापुरता मागायचा आणि नावडत्यासाठी सोडायचा, तर ती तक्रार खोटी ठरते.

आता तुळजापूरला जाताना सरहद्द लागत नाही. पण पुढच्या वेळी कुणाला 'फरफटत आणा' असं कानावर आलं, तर एवढंच विचारा : मागून आणणार आहोत, की ओढून? मागून आणलेल्या माणसाबरोबर एक शब्दही येतो, आणि माणसाला शिक्षा झाली तरी तो शब्द आपल्यावर राहतो.