बारा अश्वशक्तीचं इंजिन

राइट बंधू उडाले ते त्यांच्याकडे त्या काळचं सगळ्यांत हलकं इंजिन होतं म्हणून, असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. त्याहून कितीतरी सरस इंजिन त्याच वर्षी पोटोमॅक नदीत दोनदा बुडालं.

ते होतं स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ली यांच्या विमानाचं. सरकारच्या युद्ध खात्याने त्यांना ५० हजार डॉलर दिले होते. स्टीफन बाल्झरने केलेलं इंजिन पुरेशी ताकद देईना, तेव्हा लँग्लींचा सहायक चार्ल्स मॅन्ली याने ते नव्याने घडवलं. पाच सिलिंडर, ५२ अश्वशक्ती, वजन पाण्यासकट शंभर किलोच्या आत.

इकडे डेटनला राइट बंधूंचं सायकलचं दुकान. १९०२च्या अखेरीस त्यांनी बऱ्याच इंजिनवाल्यांना पत्रं लिहिली, पण हवं तसं हलकं इंजिन कुणी देईना. मग दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर कामाला लागला. क्रँकशाफ्टसाठी त्याने जाड पोलादी पट्टी घेतली, आकार आखून कडेने भोकं पाडली, छिन्नी-हातोड्याने जादा भाग उडवला आणि लेथवर कातलं. क्रँककेस ॲल्युमिनियमची, तिच्यात थोडं तांबं. कार्बोरेटर नाही, स्पार्क प्लग नाहीत. पेट्रोल वरच्या डब्यातून नळीने उतरायचं आणि इंजिनाच्या उष्णतेनेच त्याची वाफ व्हायची. सहा आठवड्यांत इंजिन तयार! वजन साधारण ८२ किलो, ताकद १२ अश्वशक्ती.

आता हिशेब करा. राइटांकडे एका अश्वशक्तीमागे सात किलो लोखंड, मॅन्लीकडे दोन किलोंहूनही कमी. तरीही ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ला लँग्लींचं विमान सुटता सुटताच कोसळलं. इंजिन ठीक होतं, विमानाचा सांगाडा आणि सोडण्याची पद्धत दगा देत होती. शिवाय ते हवेत सांभाळायचं कसं, याचा सराव कुणालाच नव्हता. राइटांनी आधी ग्लायडरवर तो केला होता, वाऱ्याच्या बोगद्यात पंख तपासले होते, प्रोपेलर गणिताने घडवला होता. म्हणून किती ताकद पुरेल हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या मते खरा शोध तोच.

१७ डिसेंबरला चौथं उड्डाण ५९ सेकंदांचं झालं. नंतर वाऱ्याने उभं विमान उलथवलं आणि टेलरची क्रँककेस फुटली.

टेलर मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. म्हातारपणी तो लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात धर्मादाय वॉर्डात होता. १९५५ मध्ये बातमी फुटल्यावर विमान उद्योगातल्या लोकांनी पैसे जमवून त्याला खासगी रुग्णालयात हलवलं. पुढच्याच वर्षी तो गेला.