धुराचा हिशेब

शाळेत इतिहास शिकवला तो लढायांचा, तहांचा आणि सनावळ्यांचा. एखाद्या हिशेबाच्या तक्त्याचा इतिहास शिकवायला कधी मिळाला नाही. पण त्यातही लढायांइतकीच गंमत असते! गेले काही दिवस युरोपातल्या कारखान्यांच्या धुराबद्दल वाचतोय, म्हटलं आज त्याच्यावरच लिहावं.

सुरुवात एका पराभवापासून. १९९२ मध्ये, रिओच्या वसुंधरा परिषदेच्या तोंडावर, युरोपीय आयोगाने कार्बनवर कर बसवायचा प्रस्ताव मांडला. पण तिथे कराच्या बाबतीत सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं. एकाने नकार दिला की गाडं अडलं, आणि ते अडलंच. पुढे १९९७ मध्ये क्योटोचा करार झाला. धुराचे परवाने विकत घेण्या-देण्याची कल्पना तेव्हा अमेरिकेने लावून धरली होती आणि युरोपीय मंडळी नाकं मुरडत होती. २००१ मध्ये अमेरिकेने क्योटोकडे पाठ फिरवली आणि युरोपने नेमकी तीच कल्पना उचलली. कारण साधं होतं, या कायद्याला एकमत लागत नव्हतं, बहुमत पुरत होतं. २००३ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २००५ पासून वीज, पोलाद, सिमेंट, काच, कागद अशा उद्योगांतले अकरा हजारांच्या आसपास कारखाने त्याखाली आले.

एक टन कार्बन डायऑक्साइडला एक परवाना. वर्षभरात किती सोडला ते मोजायचं, बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घ्यायचं आणि तितके परवाने जमा करायचे. कमी पडले तर टनामागे ४० युरो दंड, २००८ पासून १०० युरो. आणि दंड भरून सुटका नाही, राहिलेले परवाने पुढच्या वर्षी द्यायचेच.

पण सुरुवातीला वाटायचे किती? खरी मेख इथे होती. प्रत्येक कारखान्याचा आधीचा धूर कोणी नीट मोजलेलाच नव्हता, म्हणून सरकारांनी बरंचसं कंपन्यांनाच विचारून ठरवलं, आणि परवाने जवळजवळ फुकट वाटले. आता मला सांगा, ज्याला फुकट धान्य मिळणार, त्यालाच घरात खाणारी तोंडं किती असं विचारलं तर तो काय सांगेल? आपल्याकडची रेशनकार्डं आठवा.

एप्रिल २००६ मध्ये परवान्याचा भाव ३० युरोंपर्यंत चढला होता. त्याच महिन्याच्या शेवटी पहिल्या वर्षाचे तपासलेले आकडे एकेका देशातून बाहेर येऊ लागले, आणि परवाने धुरापेक्षा जास्त आहेत हे बाजाराच्या लक्षात आलं. चार-आठ दिवसांत भाव निम्म्याखाली! हे परवाने २००७ नंतरच्या धुरासाठी चालणार नव्हते, त्यामुळे २००७ सरता सरता त्यांची किंमत काही सेंटांवर आली. दरम्यान वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमत ग्राहकांच्या बिलात धरून घेतली होती ती घेतलीच.

याला सगळे फजिती म्हणतात. मला तसं वाटत नाही. तपासलेला आकडा हातात आल्यामुळेच खोटं उघडं पडलं. २०१३ पासून बहुतेक वीजकंपन्यांना परवाने लिलावात विकत घ्यावे लागले, २०१९ पासून जादा परवाने बाजारातून काढून राखीव ठेवायला सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने १०० युरो ओलांडले. या उद्योगांचा धूर आज २००५ च्या जवळपास निम्म्यावर आला आहे. त्यात पवनचक्क्यांचा आणि मंदीचाही वाटा आहे, ते नाकारून चालणार नाही.

कंपन्यांच्या पर्यावरण-अहवालांची कथा वेगळी. २०१४ च्या नियमाने ५०० हून जास्त नोकर असलेल्या मोठ्या कंपन्यांना अहवाल द्यायला लावला, पण कसा द्यायचा ते नीट बांधून दिलं नाही. गुळगुळीत कागद, हिरवी पानं, हसरी मुलं! सप्टेंबर २०१५ च्या सुरुवातीला फोक्सवॅगनला डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगात पहिलं स्थान मिळालं, आणि त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या धूरचाचणीतली लबाडी उघड झाली. मग २०२२ मध्ये कडक कायदा आला: सुमारे ५० हजार कंपन्या, सगळ्यांना एकच नमुना आणि बाहेरची तपासणी. तीन वर्षांत माघारही सुरू झाली. डिसेंबर २०२५ च्या तडजोडीनुसार हजारावर नोकर आणि ४५ कोटी युरोंवर उलाढाल, दोन्ही असेल तरच अहवाल. हजाराहून जास्त रकान्यांचा तो तक्ता होता, तेव्हा उद्योगांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण रकाने कमी करणं वेगळं आणि हजेरीपटातून मुलांची नावंच काढून टाकणं वेगळं.

असो. हे सगळं आपल्यापासून दूर आहे असं समजू नका. आमच्या एका भाच्याच्या पुण्याजवळच्या कारखान्यातले पोलादी बोल्ट जर्मनीला जातात. ऑक्टोबर २०२३ पासून अशा मालामागे किती कार्बन सुटला ते तिथल्या आयातदाराला कळवावं लागू लागलं, आणि जानेवारी २०२६ पासूनच्या मालाचे त्याला पैसेही मोजावे लागणार आहेत. साहजिकच आयातदार भाच्याला विचारतो आणि भाचा पोलाद पुरवणाऱ्याला. गेल्या दिवाळीत भाचा सांगत होता, "मामा, तीन तिमाही पाठपुरावा केला, तेव्हा कुठे आकडे आले. तिन्ही वेळा दशांशापर्यंत तोच आकडा."