गील: कुटुंबाश्रयाची सात शतके

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात, केम्पेन नावाच्या रेताड आणि नापीक पट्ट्यात वसलेले गील हे छोटे नगर मानसिक आजार असलेल्या माणसांच्या इतिहासात अगदी स्वतंत्र स्थान राखून आहे. ज्या काळात युरोपातील शहरे अशा माणसांसाठी कोठड्या आणि पुढे वेड्यांची इस्पितळे उभारत होती, त्याच काळात गीलचे शेतकरी आणि कारागीर त्यांना आपल्या घरात ठेवून घेत होते. मानसिक आजार असलेल्या परक्या व्यक्तीला ठरावीक मोबदल्यावर घरी राहू देणे आणि तिला जेवणाखाणात, कामात व सणावारात कुटुंबातील माणसाप्रमाणे वागवणे, या पद्धतीला येथे कुटुंबाश्रय म्हटले आहे. अशा रीतीने राहणाऱ्या व्यक्तीला गीलचे लोक रुग्ण म्हणत नसत, पैसे देऊन राहणारा-जेवणारा बोर्डर म्हणत, म्हणून पुढील विवेचनातही तोच शब्द ठेवला आहे.

या प्रथेचा उगम संत डिंफ्नाच्या आख्यायिकेत सापडतो. पत्नीच्या मृत्यूनंतर भान हरपलेल्या आणि मुलीशीच लग्न करू पाहणाऱ्या एका आयरिश राजाची ही मुलगी गेरेबर्नस नावाच्या धर्मगुरूसह समुद्र ओलांडून गीलला आली. पित्याने तिला तेथे गाठले आणि तिने नकार देताच तिचा शिरच्छेद केला, असे १३व्या शतकात लिहिलेले तिचे चरित्र सांगते. आख्यायिकेतील घटना ७व्या शतकाच्या आसपासच्या मानल्या जातात, परंतु त्यांना ऐतिहासिक पुरावा नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते एवढेच, की वेडापुढे न झुकलेली ही मुलगी मनोविकारांपासून सोडवणारी संत ठरली आणि तिच्या स्थानी दूरदूरहून यात्रेकरू येऊ लागले. १४व्या शतकाच्या मध्यास तिच्या नावाने मोठे चर्च बांधायला घेतले गेले आणि पुढे त्याला लागूनच आजारी यात्रेकरूंसाठी एक निवासगृह उभे राहिले, जेथे नऊ दिवसांचे अनुष्ठान चाले.

बाधा झालेल्या माणसाला देवाच्या दारी नेण्याची रीत मराठी समाजाला परिचित आहे, आणि गाणगापूरच्या दत्तस्थानी अशा माणसासह मुक्काम करणारी कुटुंबे अनेकांनी पाहिली असतील. गीलचे वेगळेपण अनुष्ठानात नव्हते, अनुष्ठान संपल्यावर काय झाले यात होते. निवासगृहात जागा पुरेना, काहींना नऊ दिवसांत गुण येईना, काहींचे नातेवाईक त्यांना परत नेईनात. तेव्हा चर्चच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांची सोय गावातील घरांत लावायला सुरुवात केली, आणि तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही सोय पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट बनली.

या वहिवाटीकडे केवळ दयाबुद्धी म्हणून पाहणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. केम्पेनची जमीन कष्ट फार मागे आणि उत्पन्न थोडे देई, त्यामुळे बोर्डरच्या निर्वाहासाठी मिळणारी रक्कम आणि शेतात-गोठ्यात लागलेला त्याचा हात यांची कुटुंबाला खरी गरज होती. या गरजेतूनच बोर्डरला घरात जागा मिळाली. जो माणूस गायीला चारा घालतो, लहान मूल सांभाळतो, बटाटे सोलतो, तो उपकाराखाली दबलेला आश्रित राहत नाही. मात्र याच व्यवहारात शोषणालाही वाव होता, आणि तो कोणी वापरलाच नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. हिंसक ठरवलेल्या बोर्डरांना बांधून ठेवले जाई, आणि काहींच्या पायांत लोखंडी बेड्या असत. फ्रान्सचे विख्यात मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी १८२१मध्ये गीलला भेट दिली, तेव्हा त्यांना बोर्डर रस्त्यांवरून मोकळेपणी फिरताना दिसले, तसे बेड्या घातलेलेही दिसले, आणि वैद्यकीय देखरेखीचा अभाव तर पदोपदी जाणवला.

त्यापूर्वीच गीलवरील चर्चचा अधिकार ओसरला होता. फ्रेंच क्रांतीनंतरच्या राजवटीत धार्मिक संस्थांवर गदा आली, तरी घरांतील बोर्डर तेथेच राहिले, एवढेच नव्हे तर १८०३मध्ये प्रांताधिकारी पाँतेकुलाँ यांनी ब्रुसेल्समध्ये कोंडून ठेवलेल्या मनोरुग्णांना गीलला हलवण्याची व्यवस्था केली. ज्या श्रद्धेने प्रथा जन्माला घातली तिचा आधार सुटल्यावरही प्रथा टिकते, तेव्हा ती लोकांच्या अंगवळणी पडलेली असते. गीलच्या इतिहासातील हा टप्पा म्हणूनच सर्वांत बोलका मानावा लागतो.

१९व्या शतकाच्या मध्यास गीलवरून युरोपातील वैद्यकविश्वात तीव्र वाद झाला. घेंटचे मनोविकारतज्ज्ञ जोझेफ गिस्लें यांना सुसज्ज, शिस्तबद्ध इस्पितळ हाच उपचाराचा खरा मार्ग वाटत असे आणि गीलवर त्यांनी कठोर टीका केली, तर फ्रान्सच्या मोरो द तूर यांनी गील पाहून या पद्धतीची बाजू घेतली. १८५०मध्ये बेल्जियमने मनोरुग्णांविषयीचा कायदा केला, तेव्हा गील बंद करण्याऐवजी त्याला शासकीय देखरेखीखालची वसाहत बनवण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. गावाचे चार विभाग पाडून प्रत्येकावर डॉक्टर नेमण्यात आले. पहिले वैद्यकीय निरीक्षक पारिगो यांनी मोकळी हवा आणि कौटुंबिक जीवन हीच या वसाहतीची उपचारशक्ती असल्याचे आग्रहाने मांडले. त्यांच्यानंतर आलेल्या बुल्केन्स यांच्या काळात, १८६२मध्ये, एक छोटे रुग्णालय सुरू झाले, जेथे नव्या व्यक्तीला काही दिवस ठेवून मग योग्य कुटुंबाची निवड केली जाई आणि आजार बळावल्यास तिला तात्पुरते परत आणता येई. पुढे गावात स्नानगृहे बांधण्यात आली. बोर्डरांनी तेथे नियमितपणे स्नानाला यावे असा दंडक होता, आणि त्या निमित्ताने त्यांच्या अंगावर मारहाणीचे वळ वा उपासमारीच्या खुणा तर नाहीत ना, हे पाहिले जाई. बोर्डरच्या प्रतिष्ठेची भाषा तेव्हा कोणत्याही कायद्यात नव्हती, पण माणसाच्या अंगावरचे वळ शोधणारी ही साधी तपासणी तिचे खरे रक्षण करीत होती.

डॉक्टर आले तरी घराचे स्थान त्यांनी घेतले नाही. यजमान कुटुंबाला बोर्डरच्या आजाराचे वैद्यकीय नाव सांगायचे नाही, असा संकेत गीलमध्ये दीर्घकाळ पाळला गेला. काय आवडते, कशाने भीती वाटते, कोणत्या वेळी एकटे सोडलेले बरे, हे घरच्यांनी सहवासातून जाणून घ्यायचे, आणि ते ज्ञान आईवडिलांकडून मुलांकडे जाई. यजमान वृद्ध होऊन वारले की त्यांचा मुलगा वा मुलगी बोर्डरचा सांभाळ पुढे चालवी, त्यामुळे एकाच घरात ४०-५० वर्षे राहिलेले बोर्डर गीलमध्ये विरळ नव्हते. तरीही या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती: कोणी गीलला जायचे, हे बहुधा इतरच ठरवत. १८८०मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या वडिलांनी त्याला तेथे पाठवण्याचा विचार केला होता. त्याने विरोध केला आणि तो बेत बारगळला, पण असा विरोध करून तो तडीस नेणे सर्वांना शक्य होत नसे.

गीलच्या धर्तीवर बेल्जियममधील लिएर्न्यो येथे १८८४मध्ये आणि फ्रान्समधील दँ-स्युर-ओरोँ येथे १८९२मध्ये वसाहती स्थापन झाल्या. खुद्द गीलमध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीस बोर्डरांची संख्या सुमारे ३,७०० या शिखरावर पोहोचली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती सतत उतरत गेली. नवी औषधे आणि इस्पितळाबाहेरील सेवा हे त्याचे एक कारण होते. पण शेती आटली, घरे लहान झाली आणि दिवसभर घरी असणाऱ्या स्त्रिया नोकरीला बाहेर पडल्या, ही कारणे अधिक खोलवरची म्हणावी लागतील, कारण या व्यवस्थेचा प्रत्यक्ष भार शतकानुशतके गृहिणींनीच वाहिला होता आणि दप्तरांत त्यांची नोंद क्वचितच झाली आहे. २०२३मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या जतनाच्या उत्तम उदाहरणांच्या नोंदवहीत गीलच्या कुटुंबाश्रयाचा समावेश केला. आज तेथील बोर्डरांची संख्या काही शेकड्यांच्याही आत आली असली, तरी परिचारिका आजही त्यांच्या घरी जाऊन भेट घेतात आणि यजमानांना अडचणीच्या वेळी रुग्णालयाचा आधार मिळतो.