लास वेगास : हद्दींनी घडविलेले नगर

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील लास वेगास हे शहर जुगाराची नगरी म्हणून जगभर ओळखले जाते. मोहावी वाळवंटातील हे शहर सर्वंकष नगररचना आराखड्याविना वाढले, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ते बव्हंशी खरे आहे; परंतु म्हणून ही वाढ यदृच्छेने झाली असे मात्र नव्हे. रेल्वेची मालकी, कराची हद्द आणि वंशभेद यांनी येथे आराखड्याची जागा घेतली.

१५ मे १९०५ रोजी सिनेटर विल्यम क्लार्क यांच्या रेल्वे कंपनीने सुमारे ११० एकर जमिनीच्या भूखंडांचा लिलाव सुरू केला. रस्ते चौकटीत आखलेले होते. पण ती आखणी विक्रीच्या सोयीची होती. मद्यविक्रीस ठरावीक गटांतच परवानगी होती व त्यातूनच 'ब्लॉक १६' कुप्रसिद्ध झाला. जमीनवापराचे नियमन येथे नगरपालिकेआधी खरेदीखतातील अटींनी केले. नगरपालिका स्थापन झाली ती १९११ मध्ये.

१९ मार्च १९३१ रोजी नेव्हाडाने जुगार कायदेशीर केला. त्याच वर्षी हूवर धरणाचे काम सुरू झाले. धरणावरील कामगारांसाठी संघराज्य शासनाने बोल्डर सिटी हे नियोजनबद्ध नगर वसविले व तेथे जुगार आणि मद्य यांस बंदी घातली. परिणामी कामगारांचे वेतन सुमारे ४० किलोमीटरवरील लास वेगासमध्ये खर्च होऊ लागले. नियोजित नगराच्या शिस्तीने अनियोजित नगर पोसले, हा इतिहासातील विलक्षण विरोधाभास होय.

निर्णायक वळण १९४१ मध्ये आले. टॉमस हल यांनी 'एल रँचो व्हेगास' हे हॉटेल शहराच्या हद्दीबाहेर, महामार्ग ९१ लगत उभारले. तेथे जमीन स्वस्त, मोटारींसाठी जागा मुबलक आणि नगरपालिकेचा कर नाही. १९४६ मध्ये 'फ्लेमिंगो' आले. शहराने हा पट्टा आपल्या हद्दीत घेण्याचा प्रयत्न करताच कॅसिनोमालकांच्या आग्रहावरून क्लार्क काउंटीने ८ डिसेंबर १९५० रोजी 'पॅराडाइज' हे स्वतंत्र, नगरपालिकाविरहित गाव निर्माण केले. त्यामुळे 'स्ट्रिप' या विख्यात रस्त्याचा बहुतांश भाग आजही लास वेगास शहरात नाही. पाहुण्यांचे लास वेगासमध्ये स्वागत करणारा १९५९ चा फलकदेखील शहराबाहेरच उभा आहे! १९४० मधील ८,४२२ लोकसंख्या १९६० मध्ये ६४,४०५ झाली, तीही पट्ट्यातील वस्ती वगळून.

रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनूर यांनी १९७२ मधील आपल्या ग्रंथात या रस्त्याकडे गांभीर्याने पाहण्यास वास्तुविशारदांना शिकविले. त्यांचे लक्ष प्रामुख्याने फलक, वाहनतळ व प्रतीके यांवर होते. हद्दीची रेषा मात्र फलकांवर दिसत नाही.

अशीच दुसरी रेषा रेल्वेमार्गाची होती. रुळांच्या पश्चिमेस मॅकविल्यम्स यांनी रेल्वेच्या लिलावापूर्वीच वस्ती आखली होती. पण पाणी रेल्वेच्या ताब्यात होते. पुढे मध्यवर्ती भागातील कृष्णवर्णीय व्यावसायिकांचे परवाने नूतनीकरणाविना ठेवून त्यांना याच 'वेस्टसाइड'मध्ये लोटण्यात आले. पक्के रस्ते व सांडपाण्याची व्यवस्था तेथे कित्येक वर्षे पोहोचली नाही. स्ट्रिपवरील रंगमंच गाजविणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांनाही रात्री मुक्कामासाठी तेथेच परतावे लागे. १९५५ मध्ये वेस्टसाइडलगत सर्व वर्णांना खुले असलेले 'मूलाँ रूझ' सुरू झाले आणि त्याच वर्षी बंद पडले. २६ मार्च १९६० रोजी कॅसिनोंतील वर्णभेद संपविण्याची तडजोड झाली, ती बैठक याच वास्तूत भरली होती.