सात महिन्यांची भाड्याची बोट

तर झालं असं, की मंद्याची शेवटची गोळी संपली. सहा महिने, एकही दिवस न चुकवता. टीबी म्हटल्यावर आम्हा सगळ्यांचे चेहरे पडले होते, पण डॉक्टर अगदी शांत होते: पहिले दोन महिने चार औषधं, मग पुढचे चार महिने कमी, आणि मध्येच सोडायची नाहीत. बस्स. कोर्स संपल्याच्या आनंदात आमच्या ग्रुपवर तो जुना प्लॅन पुन्हा वर आला. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासून चालत आलेला. स्वतःची बोट भाड्याने घ्यायची, फक्त आपण मित्र, आणि बेटाबेटांनी भटकायचं. आमचा एकूण सागरी अनुभव म्हणजे गेटवे ते मांडवा, तोही लाँचच्या वरच्या डेकवर वेफर्स खात. पण एक्सेल शीट तयार आहे. माणशी खर्च, सुट्ट्यांचं गणित, कोण उलट्या करणार याचा अंदाज, सगळं आहे त्यात.

शनिवारी ती शीट उघडून बसलो होतो आणि मनात आलं, की हे खरंच कुणी केलंय का? म्हणजे अब्जाधीश नव्हे, नौदलवाले नव्हे. आपल्यासारखं, लिहून पोट भरणाऱ्या माणसाने? (आपण कोड लिहितो, पण लिहितोच ना.) केलंय. आणि तेही फुफ्फुसं घेऊन बसलेल्या माणसाने. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. सबंध विकांत त्याच्यामागे गेला.

गंमत बघा, 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपात आलं १८८३ साली. तोवर या माणसाने एकही उष्ण कटिबंधातलं बेट पाहिलेलं नव्हतं! एडिंबरोचा जन्म (१८५०), घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरांचं, आणि हा लहानपणापासून खोकत अंथरुणात. अधूनमधून तोंडातून रक्त. क्षयच होता की आणखी काही, यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत, पण त्या काळी सगळे क्षयच समजत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला होता. औषध मात्र यायला अजून साठेक वर्षं होती. तोवर उपाय एकच, हवापालट. १८८७ मध्ये वडील वारल्यावर स्टीव्हन्सन आई, बायको आणि सावत्र मुलाला घेऊन अमेरिकेला गेला आणि तो हिवाळा त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक इथल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत काढला. तिथे बसून रात्री गप्पा कसल्या, तर बोट भाड्याने घेऊन दक्षिण समुद्रात जायच्या! म्हणजे आमच्या ग्रुपसारखंच. फरक एवढाच, की त्याने पैसे काढले. वडिलांच्या वारशातले २,००० पौंड.

बोट शोधली बायकोने, फॅनीने. कॅलिफोर्नियात गेली असताना तिने तार केली, की 'कॅस्को' नावाची स्कूनर मिळतेय. सुमारे ९५ फूट लांब, मालक ओकलंडचा एक श्रीमंत डॉक्टर, मेरिट. भाडं महिना ५०० डॉलर, मुदत साधारण सात महिने. या फॅनीला समुद्राचा मनापासून तिटकारा, बोट हलली की ती आडवी. तरीही तार तिनेच केली.

२८ जून १८८८ला कॅस्को सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली. प्रवासी कोण? ३७ वर्षांचा हडकुळा लुई, ४८ वर्षांची फॅनी, तिचा विशीतला मुलगा लॉईड, घरकाम करणारी व्हॅलेंटाइन आणि लुईची आई मार्गारेट, वय ५९, डोक्यावर विधवेची पांढरी टोपी. कॅप्टन ओटिस, चार खलाशी, एक स्वयंपाकी. इंजिन नाही, शिडं आणि वारा एवढंच. हा प्रवासी वाटेतच जाणार अशी ओटिसला इतकी खात्री होती, की समुद्रात दफन करायला लागणारं सामान त्याने आधीच चढवून ठेवलं होतं, असं सांगतात. (रिस्क रजिस्टर म्हणतात ते हेच.) आणि ओटिसने 'ट्रेझर आयलंड' वाचलेलं होतं, पण लेखकाच्या नौकानयनाच्या ज्ञानाबद्दल त्याचं मत काही फार चांगलं नव्हतं!

महिनाभर फक्त पाणी. २८ जुलैच्या पहाटे मार्केसास द्वीपसमूहातलं नुकू हिवा बेट दिसलं आणि कॅस्कोने आनाहोच्या खाडीत नांगर टाकला. लुई मेला तर नाहीच, उलट अनवाणी डेकवर हिंडायला लागला होता.

थोड्याच वेळात होड्यांमधून गावकरी आले आणि बोटभर पसरले. आतली सजावट काय विचारता: आरसे, चकचकीत पितळ, मखमली गाद्या. लोक हात लावून बघतायत, हसतायत, आणि पाहुण्यांना भाषेचा एक शब्द कळत नाही. स्टीव्हन्सन प्रामाणिकपणे लिहितो, की आपण भेदरलो होतो. इथपर्यंत हे कुठलंही प्रवासवर्णन वाटतं. पण पुढे तो जे करतो, त्यासाठी मला हा माणूस आवडला.

मार्केसास १८४२ पासून फ्रेंचांच्या ताब्यात होतं. (त्याच वर्षी हर्मन मेलव्हिल व्हेलच्या जहाजावरून पळून याच नुकू हिवावर राहिला होता; 'टायपी' त्यातूनच आलं.) तेव्हा गजबजलेल्या दऱ्या आता ओस पडत होत्या. घरांचे दगडी चौथरे तेवढे शिल्लक, माणसं नाहीत. लोक आपल्याशी मोकळेपणाने बोलावेत म्हणून स्टीव्हन्सनने एक युक्ती काढली: प्रश्न विचारायचे नाहीत, आधी आपली गोष्ट सांगायची. स्कॉटलंडच्या डोंगरी कुळांची. १७४६ च्या पराभवानंतर इंग्रजी सत्तेने त्यांची हत्यारं काढून घेतली, पेहरावावर बंदी घातली, सरदारांचा अधिकार मोडला. ही गोष्ट ऐकली की समोरचा म्हातारा मान डोलवायचा, आणि मग त्याची गोष्ट यायची. देवाणघेवाण, एकास एक. आपण ट्रेकला जातो तेव्हा गावातल्या आजोबांना धडाधड प्रश्न विचारतो आणि फोटो काढतो. आपली गोष्ट किती वेळा सांगतो?

अशाच ऐकलेल्या गोष्टींतली एक 'इन द साउथ सीज' या त्याच्या पुस्तकात आहे, आणि तिथे मी शनिवारी थांबलो. हापा नावाची जमात, सुमारे ४०० माणसांची. देवीची साथ आली आणि चौथा हिस्सा गेला. सहा महिन्यांनी एका बाईला क्षय झाला. तो वणव्यासारखा पसरला आणि वर्षाच्या आत दोन माणसं उरली, एक पुरुष आणि एक बाई. ती दोघं ती दरी सोडून पळाली.

चारशेतली दोन.

मी मंद्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पाहिली आहेत. आजाराचं नाव तेच. आणि लक्षात घ्या, देवी काय, क्षय काय, हे रोग त्या बेटांवर आले ते बाहेरच्या जहाजांमधून. म्हणजे छातीसाठी चांगली हवा शोधत एक माणूस अशा ठिकाणी पोचला, जिथली माणसं त्याच्यासारख्यांनी आणलेल्या छातीच्या रोगाने संपत होती. स्टीव्हन्सनने ही लोकसंख्या घटण्याची कारणं शोधत पानंच्या पानं लिहिली आहेत. त्याला ते टोचत असणार, असं मला वाटतं.

तिथून कॅस्को तुआमोतूला गेली. ही बेटं म्हणजे पाण्याबरोबर टेकलेली प्रवाळाची कडी, रात्री दिसत नाहीत, खलाशी या भागाला धोक्याचा द्वीपसमूह म्हणत. फाकारावाला मुक्काम झाला आणि तिथे लुईला सर्दी झाली. ती छातीत उतरली. घाईने ताहितीची राजधानी पापीते गाठली, तर तिथे पुन्हा रक्त. शहर मानवेना म्हणून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, ताउतिरा नावाच्या गावी. शेवटचा टप्पा भाड्याच्या घोडागाडीतून, धक्के खात. पोचला तेव्हा तो जवळजवळ शुद्धीवर नव्हता.

आणि इथून या सहलीची खरी गोष्ट सुरू होते, कारण इथून बोट बाजूला पडते.

गावात मोए नावाची राजघराण्यातली बाई होती. परका माणूस आजारी आहे कळल्यावर ती स्वतः आली आणि कच्चे मासे, नारळाचं दूध आणि लिंबाचा रस असं कालवून त्याला भरवलं. (कोकणातल्या मंडळींनी नाक मुरडू नये, मासा शिजवला की सगळं आपलंच आहे.) लुई उठून बसला. मग गावचा उपप्रमुख ओरी अ ओरी, सहा फुटांहून उंच, चर्चमधला कार्यकर्ता, याने आपलं घर पाहुण्यांना रिकामं करून दिलं आणि स्वतः कुटुंबासह बाजूच्या खोपटात राहायला गेला. दोघांनी नावं बदलून घेतली. तिथे मैत्रीची ती रीत. लुई झाला 'तेरीतेरा' आणि ओरी झाला 'रुई', कारण ताहितीच्या भाषेत 'ल' नाही.

निघायची वेळ आली. निरोपादाखल मार्गारेटबाईंनी गावच्या बायकांना बोटीवर बोलावलं. त्यातल्या एका वृद्धेने प्रार्थना केली, की या बोटीत काही दोष असेल तर तो वेळीच उघडा पडू दे. कॅप्टन ओटिसला असल्या गोष्टींचं हसू यायचं. त्यानंतर थोड्याच वेळात डोलकाठ्या तपासल्या, तर आतून कुजलेल्या! फॅनीच्या पत्रात ही हकीकत आहे. ज्या बोटीतून ही मंडळी तुआमोतूच्या त्या प्रवाळांमधून आली, तिच्या डोलकाठ्या एका जोरदार वाऱ्यात कोसळल्या असत्या. मखमल, आरसे, पितळ सगळं झकास, आणि शिडं ज्यावर उभी तेच पोकळ. यूआय चकाचक आणि आत... असो. आपल्यातल्या प्रत्येकाने असं एक तरी प्रोजेक्ट पाहिलंय.

कॅस्को दुरुस्तीला पापीतेला गेली, आणि दिवसांमागून दिवस परत येईना. इकडे शिधा संपला, पैसेही संपत आले. बातमी नाही. २,००० पौंडांची सहल, आणि यजमानाच्या घरात बसून उद्या काय खायचं याची काळजी! तेव्हा ओरी आला. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं: तू माझा भाऊ आहेस, माझं जे आहे ते तुझं, तुमचं अन्न संपलंय हे मला माहीत आहे, पण मासे आणि अळकुड्या भरपूर आहेत, बोट येईपर्यंत राहा आणि रडू नका. लुईने डोकं हातात धरलं आणि तो रडला. घरात सगळेच रडले. मग ओरी खराब हवेत गावातली पोरं आणि होडी घेऊन पापीतेला गेला आणि बोटीची खबर व शिधा घेऊन परत आला.

मी हा भाग तीनदा वाचला. स्वतःची बोट म्हणजे स्वातंत्र्य, कुणावर अवलंबून नाही, वाटेल तिथे नांगर टाका, वाटेल तेव्हा उचला: आमच्या एक्सेलमागचं स्वप्न हेच आहे. पण या सात महिन्यांत स्टीव्हन्सनला जे मिळालं ते बोट मोडली तेव्हा मिळालं. दारात येऊन पडलेला, पैसे नसलेला, आजारी पाहुणा. मालकाचा रुबाब गेला आणि मैत्री झाली. हे सगळं गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तो गोरा होता, लेखक होता, आणि ताहितीवर तेव्हा फ्रेंच राज्य होतं. त्याच्या जागी एखादा फाटका खलाशी असता तर घर मिळालं असतं का, कोण जाणे. पण मिळालेलं ऋण तो विसरला नाही, हेही खरं. ताहितीतल्या राहेरोच्या दंतकथेवर त्याने जे दीर्घकाव्य लिहिलं, ते ओरीला अर्पण केलं आहे.

२५ डिसेंबर १८८८ला कॅस्को ताउतिराहून निघाली आणि २४ जानेवारी १८८९ला होनोलुलूला पोचली. करार संपला, बोट परत. लंडनचे मित्र वाट बघत होते, की आता हा घरी येईल. तो आला नाही. १८९० मध्ये त्याने सामोआत जमीन घेतली आणि तिथेच राहिला. तिथल्या राजकारणात जर्मन, इंग्रज आणि अमेरिकन काय खेळ करतायत, यावर १८९२ मध्ये पुस्तक लिहून सगळ्यांचा राग ओढवून घेतला. तुरुंगात पडलेल्या सामोअन सरदारांना अन्न, औषधं पोचवली. सुटल्यावर १८९४ मध्ये त्या सरदारांनी स्वतः राबून त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तो गेला, वय ४४. फुफ्फुसांनी नव्हे, मेंदूतल्या रक्तस्रावाने. म्हणजे ओटिसचं ते सामान काही वापरावं लागलं नाही.

आणि कॅस्को? तिने पुढे बरेच धंदे केले आणि १९१९ मध्ये बेरिंग समुद्रात, बर्फाच्या प्रदेशात किंग आयलंडवर फुटली.

रविवारी रात्री मी ग्रुपवर हे सगळं लिहून पाठवलं. एकाने विचारलं, मग प्लॅन रद्द का? दुसरा म्हणाला, डोलकाठ्या कोण तपासणार? मंद्याने बऱ्याच वेळाने लिहिलं, की हापांमधली ती शेवटची दोघं पुढे कुठे गेली, ते आहे का कुठे? नाही, मी पाहिलं, त्या पानावर तरी नाही.

एक्सेलमध्ये मी एक नवीन कॉलम टाकलाय: 'तिथे कोण राहतं?' अजून रिकामा आहे. तो भरल्याशिवाय बुकिंग करायचं नाही, असं मंद्याचं मत पडलंय, आणि यावेळी त्याचं ऐकायचं ठरलंय.