वाऱ्याच्या आणि सावलीच्या बाल्कनीत कुंडीतील वेली : निवड कशी करावी?

उंच इमारतीच्या बाल्कनीतील वेल वाळली की दोष बहुधा अपुऱ्या प्रकाशाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण वारा असते. मुळे जेवढे पाणी पुरवू शकतात, त्याहून अधिक ओलावा सततचा वारा पानांतून ओढून घेतो. त्यामुळे कुंडीतील माती ओली असतानाही पानांच्या कडा करपतात आणि कोवळे शेंडे घासून काळे पडतात. अशा वेळी आणखी पाणी घातल्यास हानीच होते, कारण सावलीत माती सावकाश सुकते आणि मुळे कुजू लागतात. म्हणून वेल निवडताना आधी वाऱ्याचा आणि मग प्रकाशाचा विचार करणे इष्ट ठरते.

सावलीचीही एकदा खातरजमा करावी लागते. उत्तराभिमुख बाल्कनी वर्षभर सावलीत राहते, हा समज भारतात सर्वत्र खरा नाही. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, तर चेन्नईत एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दिल्लीत तो कधीच उत्तरेला जात नाही. तरी उन्हाळ्यात सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन तेथील उत्तरेच्या भिंतीवरही पडते. हिवाळ्यात पाहून ठरविलेली जागा मेमध्ये वेगळीच निघते, ती यामुळे.

मधुमालती, बोगनवेल, जुई, गोकर्ण आणि कृष्णकमळ या लोकप्रिय वेलींना रोज काही तास थेट ऊन हवे असते. सावलीत त्या लांबट वाढतात आणि फुले क्वचितच देतात. रोपवाटिकेत फुलांनी डवरलेले रोप पाहून ते घरी आणणे, ही सर्वांत सामान्य आणि खर्चिक चूक होय. सावलीच्या बाल्कनीत पानांच्या सौंदर्यावरच समाधान मानावे लागते.

वेल आधार कसा धरते, यावर तिचे वाऱ्यातील आयुष्य ठरते. खोडाने वेढे घालणाऱ्या किंवा तणाव्यांनी चढणाऱ्या वेलींना जाळी अथवा दोरी लागते आणि ती हलू लागली की कोवळे खोड मोडते. गाठींवरील मुळांनी पृष्ठभागाला चिकटणाऱ्या वेली अधिक टिकाव धरतात. मनी प्लांट आणि सिंगोनियम याच गटातील असून दोन्ही कमी प्रकाशात तग धरतात. मात्र त्यांची मोठी पाने वाऱ्याने फाटतात, म्हणून त्यांना भिंतीलगतचा कोपरा द्यावा. वड-उंबरांच्या कुळातील फायकस प्युमिला ही बारीक पानांची वेल भिंतीला घट्ट बिलगते आणि वाऱ्याला सहसा दाद देत नाही. पण ती काढताना रंग व गिलावाही निघून येतो, हे भाड्याच्या घरात विसरू नये. आयव्ही थंड हवेतली वेल आहे. शिमला, दार्जिलिंग अशा ठिकाणी ती उत्तम वाढते, मैदानी उन्हाळ्यात मात्र खंगते.

किनारी व दमट भागांसाठी नागवेल हा विशेष विचार करण्याजोगा पर्याय आहे. खायच्या पानांची ही वेल मुळातच सावलीची. तिला खरी भीती कोरड्या वाऱ्याची आणि थंडीची. महाराष्ट्रातील पानमळ्यांत ती शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने आणि सावलीत वाढविली जाते. बुंदेलखंडातील महोबा भागात तिच्यासाठी बांबू व गवताचे आच्छादन असलेले बरेजे उभारतात. बंगाल आणि ओडिशातही अशी बंदिस्त रचना आढळते. या आच्छादनातून झिरपता प्रकाश आत येतो, ओलावा टिकतो आणि वारा मंदावतो. बाल्कनीत हेच काम वाऱ्याच्या बाजूला बांधलेली निम्मी सावली देणारी हिरवी जाळी करू शकते. तेथे भरीव पत्रा लावू नये. वारा त्याच्यावरून उसळून मागच्या बाजूला भोवरे घेतो आणि रोपांना अधिक झोडपतो. नागवेलीला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी माती लागते. पावसाळ्यात पाणी साचल्यास तिचे खोड झपाट्याने सडते.

कुंडी जड असावी, पण तिची जागा विचारपूर्वक ठरवावी. 12 इंची मातीच्या कुंडीचे वजन ओल्या मातीसह 20 किलोहून अधिक भरते. अशी कुंडी आतल्या भिंतीलगत जमिनीवर ठेवावी. कठड्यावर ती कधीही ठेवू नये. हलक्या प्लास्टिकच्या कुंडीत उंच मॉस स्टिक रोवली की पानांचा भार शिडासारखा वारा धरतो आणि कुंडी कलंडते. जाळीचा आधार केवळ कुंडीत न खोचता भिंतीला किंवा ग्रिलला पक्का बांधावा. पहिले काही महिने वेल कठड्याच्या उंचीखालीच ठेवून तिची मुळे रुजू द्यावीत.

घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असल्यास आणखी एक दक्षता आवश्यक आहे. मनी प्लांट आणि सिंगोनियमच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. आयव्हीची पाने व फळेही विषारी आहेत. या वेली मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी चढवाव्यात आणि लोंबणारे शेंडे वेळच्या वेळी छाटावेत.