किम लिम: स्पेस, रिदम अँड लाइट

किम लिम: स्पेस, रिदम अँड लाइट (अवकाश, लय आणि प्रकाश) हे सिंगापूरमध्ये जन्मलेल्या चिनी वंशाच्या ब्रिटिश शिल्पकार व मुद्राचित्रकार किम लिम (१९३६–१९९७) यांच्या कलाकृतींचे सिंहावलोकी प्रदर्शन होते. ते इंग्लंडमधील 'द हेपवर्थ वेकफील्ड' या कलासंग्रहालयात २५ नोव्हेंबर २०२३ ते २ जून २०२४ या काळात भरले होते. त्यात शंभराहून अधिक कलाकृती मांडण्यात आल्या. लिम यांच्या कार्याचे एवढे मोठे प्रदर्शन संग्रहालयात १९९९ नंतर प्रथमच भरत होते.

पार्श्वभूमी

लिम १९५४ साली शिक्षणासाठी लंडनला आल्या. सेंट मार्टिन्स कलाशाळेत त्या लाकडाचे कोरीव काम शिकल्या आणि पुढे स्लेड येथे मुद्राचित्रणाकडे वळल्या. १९६० मध्ये त्यांचा शिल्पकार विल्यम टर्नबुल यांच्याशी विवाह झाला. लंडन–सिंगापूर प्रवासात भारत, ग्रीस आदी देशांत थांबून त्यांनी प्राचीन शिल्पे पाहिली. त्यांच्या शिल्पदृष्टीच्या घडणीत या प्रवासांचा वाटा कलाशाळेपेक्षा कमी मानता येत नाही.

कलाकृती

'समुराई' (१९६१) सारख्या आरंभीच्या शिल्पांत लाकडाचे मोजके ठोकळे एकावर एक रचलेले दिसतात. साठच्या दशकात त्यांनी धातू व फायबरग्लास हाताळले. 'इंटरव्हल्स' (१९७३) या लाकडी शिल्पमालिकेत पट्ट्यांइतकेच महत्त्व त्यांमधील मोकळ्या जागेला आहे; शीर्षकही तेच सुचवते. १९८० च्या सुमारास त्या दगडाकडे वळल्या आणि अखेरपर्यंत दगडातच रमल्या. संगमरवरावर ओढलेल्या उथळ रेषांमुळे कठीण दगडाला पाण्याच्या तरंगांचा भास येतो. मात्र तो प्रकाश कोणत्या बाजूने पडतो यावर अवलंबून असतो. मुद्राचित्रे ही लिम यांच्या दृष्टीने शिल्पांची पूर्वतयारी नव्हती. दोन्ही माध्यमांना त्या समान लेखत, म्हणून वेकफील्ड येथे दोन्ही एकत्र मांडली गेली.

उपेक्षा व पुनर्मूल्यांकन

लिम अगदीच अज्ञात होत्या असे नाही. १९७७ च्या पहिल्या 'हेवर्ड ॲन्युअल' प्रदर्शनातील त्या एकमेव स्त्री व एकमेव श्वेतेतर कलावंत होत्या. त्यावर टीका झाल्यानंतर पुढील वर्षीची निवड पाच स्त्री-कलावंतांकडे सोपवण्यात आली. त्यांतही लिम होत्या. तरीही ब्रिटिश शिल्पकलेच्या इतिहासात त्यांचे नाव पतीच्या नावामागे झाकले गेले. दुसरीकडे, १९८९ मध्ये आफ्रिकी, कॅरिबियन व आशियाई वंशाच्या कलावंतांसाठी रशीद अराईन यांनी योजलेल्या 'द अदर स्टोरी' या प्रदर्शनाचे निमंत्रण त्यांनी स्वतःच नाकारले. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांनीही तसेच केले होते. वंशावरून ओळखले जाणे लिम यांना मान्य नव्हते. परंतु त्यामुळे उपेक्षितांच्या त्या पर्यायी इतिहासातही त्यांची नोंद राहिली नाही. कपूर यांची कीर्ती पुढे वाढत गेली, लिम यांच्या वाट्याला ते आले नाही.

वेकफील्ड येथील प्रदर्शन संपल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये नॅशनल गॅलरी सिंगापूर येथे 'द स्पेस बिटवीन' हे त्यांचे स्वतंत्र सिंहावलोकी प्रदर्शन सुरू झाले.